सटकलेला गमछा

नवतपा लागला की माझ्या दुकानातला कूलर हवा सोडून पाणी फेकायला लागतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आत कोणीतरी सारखं शिंकतं आहे. कूलरवाल्याला निरोपावर निरोप धाडतो. तो दर वेळी "हव भैया, आवत हौं" म्हणतो आणि येत नाही. जेठातले हे नऊ दिवस रायपुरात सगळेच असे वागतात. लोखंड अंगाला हात लावू देत नाही. गिऱ्हाईक घराबाहेर पडत नाही, आणि पडलंच तर भाव करायला नाही, सावलीला टेकायला येतं. वर जो तो मलाच समजावतो, की नवतपा नीट तपला तर पाऊस नीट पडेल. पडू दे ना. पण तोवर ज्याची कवटी तापते आहे त्याने काय करायचं, हे कोणी सांगत नाही.

तात्यापाऱ्यातल्या या दुकानात मी जुन्या मोटरी, पंप, गिअरबॉक्स विकतो. सिलतऱ्याच्या कारखान्यांतून मोडीत निघालेला माल उचलायचा, उघडायचा, बरा करायचा आणि ज्याला नवा परवडत नाही त्याला द्यायचा. हे दुकान मी उभं केलं, कोणाच्या शिफारशीवर नाही. भाव करण्यात माझा हात धरणारा या बाजारात नाही असं लोक म्हणतात, आणि मीही ते खोडून काढत नाही. समोरच्याने आकडा सांगितला की मी चहा मागवतो. आकडा उतरला की रस्त्याकडे पाहतो. आणखी उतरला की चप्पल घालतो. अर्धं काम चप्पलच करते.

एका माणसापुढे मात्र माझी चप्पल कधी चालली नाही. तो माझा थोरला भाऊ. रेल्वेच्या कारकुनीतून रिटायर झाल्यापासून आणि वहिनी गेल्यापासून दादा रोज दुपारी जेवून दुकानात यायचा आणि कूलरसमोरची एकुलती एक बरी खुर्ची अडवायचा. बसण्याआधी मात्र मागून येऊन माझ्या मानेला उलटा हात लावायचा.

"काय पाहून राहिला?"

"काही नाही बे. घाम आला का पाहतो."

"नसंन आला तर तू काय उसना देशील?"

तो हसायचा आणि खुर्चीत जाऊन पडायचा. हे फक्त नवतप्यात, पण दर नवतप्यात. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या मानेला गिऱ्हाइकासमोर असा हात लावतात का? मी झटकून टाकायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग डोक्यावर ओला गमछा, मांडीवर मोबाइल, आणि मोबाइलमध्ये दोन माणसं एकमेकांना मारताहेत. दादाला दुसरं काही लागत नाही. क्रिकेट नाही, बातम्या नाहीत, भजन नाही. जुन्या, जगज्जेतेपदाच्या, पंधरा-पंधरा राउंडांच्या बॉक्सिंगच्या लढती. चित्र असं की पाऊस पडत असल्यासारखं दिसावं, आणि समालोचकाचा आवाज डबा वाजवल्यासारखा. हल्लीचे पोट्टे बॉक्सिंग पाहतात म्हणजे अर्ध्या मिनिटाची क्लिप पाहतात: एक ठोसा, एक माणूस आडवा, झालं. ती क्लिप दाखवली की दादा चिडायचा. चिडणं हे एरवी माझं खातं.

"हे काय पाहणं झालं? आधीचे राउंड कुठं आहेत? माणूस पडला ते दिसते, कायले पडला ते कोण दाखवंन?"

यात तो खोटा नव्हता. जुन्या लढती पाहत पाहत माझीही नजर तयार झाली. पहिले दोन-तीन राउंड काहीच होत नाही. दोघं फक्त एकमेकांची लांबी मोजतात, बाजारात आम्ही मालावर हात फिरवतो तसे. मग कोणीतरी पोटावर मारायला लागतो. बघणारे त्या ठोशांना टाळ्या वाजवत नाहीत, कारण पोटावरचा ठोसा उन्हासारखा असतो; लागतो तेव्हा कळत नाही, संध्याकाळी उतरतो. मधल्या राउंडात कोणाचे हात छातीवरून कमरेवर आले, स्टुलावर बसताना कोण आधी टेकतो आणि कोण आपटतो, घंटा झाल्यावर कोण कोपऱ्याकडे न पाहता उठतो, सगळा निकाल तिथे लिहिलेला असतो. आणि दमलेला माणूस समोरच्याला मिठी मारतो. त्याला क्लिंच म्हणतात. दिसते मिठी, असतो चोरलेला श्वास. पंच सोडवायला येईपर्यंत दोन श्वास मिळाले तरी पुष्कळ. दहाव्याच्या पुढे तर दोघांचंही बळ संपलेलंच असतं. तिथून पुढे ज्याने आपला दम कुठे खर्चला आणि कुठे राखला याचा हिशेब बरोबर केला, तो उभा राहतो.

आफ्रिकेतली एक लढत दादाची फार लाडकी. वय झालेला एक माजी विजेता दोरांना पाठ टेकून उभा राहतो, हात तोंडापुढे धरतो आणि त्याच्याहून तगड्या, तरण्या विजेत्याला म्हणतो, मार. तो मारतो. मारतच राहतो. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी वैतागलो होतो.

"हा काय वेडा आहे? उभ्या उभ्या मार खाऊन राहिला!"

"मार खाऊन नाही राहिला," दादा म्हणाला. "मोजून राहिला. त्या पोट्ट्याच्या हातात किती उरलं ते."

पुढे त्या तरण्याचे हात शिशाचे झाले आणि म्हाताऱ्याने त्याला आडवा केला. दादाने माझ्याकडे असं पाहिलं जणू ते त्यानेच केलं होतं. मी म्हटलं, बंद कर ते, गिऱ्हाईक आलं आहे. गिऱ्हाईक आलं नव्हतं.

आता माझी तक्रार सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय माझा राग उगाचच वाटेल. दादाने हा नाद लावून घेतला तो माझी लढत बुडवल्यावर. त्याआधी त्याने उभ्या जन्मात एक सामना पाहिलेला नव्हता.

मी बॉक्सिंग करायचो. आज माझ्या पोटाकडे पाहून कोणी विश्वास ठेवणार नाही, पण रेल्वेच्या मैदानामागे एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचे उस्ताद आम्हाला शिकवायचे आणि माझा डावा हात चांगला होता. छत्तीसगढ तेव्हा वेगळं राज्य झालेलं नव्हतं. निवडीच्या सामन्यांची अंतिम लढत नेमकी नवतप्यात ठेवली होती. कोणत्या शहाण्याने ठेवली देव जाणे. जिंकणारा राज्याच्या संघात जाणार होता, आणि संघात गेलेल्याला खेळाडू म्हणून रेल्वेत घेतात, हे आमच्या मोहल्ल्यातल्या म्हातारीपासून पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. दादा आधीच परीक्षा देऊन लागला होता. मला परीक्षा जमत नव्हत्या. माझ्याकडे डावा हात होता.

त्या दिवशी सकाळीच उस्तादांना उन्हाची लू लागली आणि ते घरी झोपले. कोपऱ्यात कोणीतरी उभं राहायला हवं, पाणी द्यायला, पुसायला. म्हणून दादा आला. आईने निघताना गमछा भिजवून पिळून त्याच्या हातात दिला आणि गमछ्याच्या एका टोकाला गाठ मारून आत कांदा बांधला. लू लागू नये म्हणून आमच्याकडे उन्हात निघणाऱ्याजवळ कांदा देतातच. कोणी खिशात ठेवतं, आमची आई गमछ्यात बांधायची. दुपारी मला थोडं उलटलं होतं. पण ते सोडा, सामन्याच्या दिवशी कोणालाही उलटतं.

मैदानात ऊन उतरलं होतं तरी रिंगच्या फळ्या तव्यासारख्या होत्या. समोर भिलाईचा एक डावखुरा, उंच, काठीसारखा. पहिल्या राउंडात त्याने नुसतं लांबून टोचलं. दुसऱ्यातही तेच. आमच्या लढती तीन राउंडांच्याच, पण मी मनात पक्कं ठरवलं होतं: दम राखायचा, शेवटच्या मिनिटात सोडायचा. तो डावखुरा घामाने निथळत होता. त्याची बनियन अंगाला चिकटली होती, फळ्यांवर त्याच्या पायांचे ओले ठसे उमटत होते. आणि माझ्या अंगावर घामाचा एक थेंब नव्हता. ही गोष्ट मी आजवर ज्याला त्याला सांगत आलो आहे. थेंब नव्हता! इतका दम शिल्लक होता माझ्यात.

तिसऱ्या राउंडात दोन-तीन ठोसे लागले. पंचाने आम्हाला दूर केलं आणि मला उभ्याउभ्याच मोजायला घेतलं. वन, टू... मोजू दे. मोजणी म्हणजे फुकटची विश्रांती. मी आठपर्यंत शांत उभा होतो. त्याने माझे ग्लोव्ह्ज आपल्या शर्टाला पुसले आणि "बॉक्स!" म्हणाला. मी पाऊल उचललं, आता सोडतोच म्हणून.

आणि माझ्या डोक्यावरून आमचा गमछा उडत गेला आणि रिंगच्या मधोमध पडला. गाठ सुटली. कांदा बाहेर आला आणि गडगडत भिलाईवाल्याच्या पायाशी जाऊन थांबला.

कोपऱ्यातून टॉवेल रिंगमध्ये पडला म्हणजे हार कबूल. पंचाने हात वर करून लढत थांबवली. मग शेडच्या छपरावर बसलेलं कोणीतरी ओरडलं, "अरे ददा, गोंदली!" छत्तीसगढीत 'अरे ददा' म्हणजे बाप रे, आणि कांद्याला गोंदली म्हणतात. सगळं मैदान हसलं. भिलाईवाल्याने वाकून, दोन्ही ग्लोव्ह्जमध्ये धरून, देवाचा नारळ उचलावा तसा तो कांदा उचलला आणि माझ्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. त्याचा हात वर गेला. तो रेल्वेत लागला. मी मोडीतल्या मोटरी उचलायला लागलो. आजही सिलतऱ्याच्या गेटवर माझी गाडी शिरली की वजनकाट्यावरचा माणूस आत आवाज देतो, "गोंदली सेठ आ गए, भाव पक्का करके बैठो!" तो कांदा कोणाचा, कुठला, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नाही. नाव तेवढं राहिलं.

त्या दिवशी घरी येताना मी दादाला वाटेतच धरलं. "काहून टाकला?"

"टाकला कुठं? सटकला. पिळून राहिलो होतो, हातातून सटकला. अन् मले काय माहीत टाकला म्हणजे हरते म्हणून? मले कुठं नियम येते?"

सटकला. हा शब्द मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकला आहे की आता तो मला शब्दच वाटत नाही, ढेकर वाटतो. त्याच्या लग्नात विचारलं, सटकला. माझ्या दुकानाच्या पूजेला, सगळ्यांसमोर विचारलं, सटकला बे. वहिनीने मध्ये पडून पाहिलं, आईने शपथ घालून पाहिली. मी रागाने, गोडीने, दारू पाजूनही विचारलं. माझं मागणं मोठं नव्हतं. सटकला तर सटकला, पण माझी नोकरी गेली, नाव गेलं, तर एकदा म्हण ना, की चुकलं माझं. दोनच शब्द. फुकटचे. ते त्याने कधी म्हटले नाहीत. मी तोंडाला येईल ते बोलायचो, वर्षच्या वर्षं बोललो, आणि तो गमछा डोक्यावर ओढून ऐकून घ्यायचा. आणि वर कुठून कुठून बॉक्सिंगच्या कॅसेटी आणायचा आणि मला म्हणायचा, ये, पाहू. जखमेवर मीठ चोळतात म्हणतात. हा तर जखम मांडून बसायचा.

यंदा मुदत आली. दादाचा मुलगा समीर नागपूरला असतो. त्याने ठरवलं, पापा आता इथे एकटे राहणार नाहीत. मला फोन केला. मी मराठीत बोलतो, तो हिंदीत उत्तर देतो, आमचं असंच चालतं.

"नवतप्यात कोणी माणूस हलवते का बे? उतरू दे तरी."

"काका, छुट्टी अभी मिली है. आप बस पापा को तैयार करो ना."

तयार कर म्हणे. मी ठरवलं, तयार करतो. पण जाण्याआधी माझा शब्द घेऊन. गेलेल्या माणसाशी सौदा होत नाही. रोज दुपारी मी विषय काढायचो, रोज तो मोबाइलचा आवाज वाढवायचा.

मग ती दुपार आली. लाईट गेली होती, कूलरचं शिंकणंही थांबलं होतं. पत्र्यावरून ऊन ठिबकतं आहे असं वाटत होतं. घरून कैरीचं पन्हं आलं होतं, आम्ही दोघं ग्लास धरून मोबाइलवर वाकलो होतो. कोणतीतरी जुनी लढत होती. एक जण पडला, उठला, पंच मोजायला लागला. कॅमेरा त्याच्या कोपऱ्यावर गेला. तिथे एक म्हातारा ट्रेनर पायरीवर एक पाय ठेवून उभा होता, हातात टॉवेल, टॉवेलची मूठ अशी आवळलेली. टाकत नव्हता.

"टाकून काहून नाही राहिला?" मी म्हणालो. "पोट्टा मेला तर टाकंन काय?"

"मोजून राहिले तोवर टाकता येत नाही," दादा म्हणाला. नजर पडद्यावर, स्वतःशीच बोलल्यासारखा. "थांबा लागते. तो आठ म्हणेपर्यंत इकडं जीव जाते बापा."

मी ग्लास खाली ठेवला.

"तुले कसं माहीत?"

"नियम आहे ना. इतके वर्षं पाहून राहिलो."

"नियम नाही म्हणत मी. जीव जाते ते."

त्याने पन्ह्याचा घोट घेतला. मोठा, सावकाश. "व्हिडिओत दिसते ना."

"व्हिडिओत जीव दिसते?"

"पन्ह्यात मीठ जास्त झालं आज," दादा म्हणाला. "घरी सांग."

क्लिंच. शुद्ध क्लिंच. आणि सोडवायला पंचही नव्हता.

मी उठून रस्त्याकडे पाहत उभा राहिलो, भाव करताना पाहतो तसा. पण या वेळी खरंच पाहत होतो. रस्ता नव्हे. तो पंच. सहा, सात, आठ. ग्लोव्ह्ज पुसले. बॉक्स. आणि त्याच्या पाठोपाठ गमछा. मी आयुष्यभर लोकांच्या हातांवरून खोटं पकडत आलो आहे. गंजलेली मोटर नुसती उचलून आतल्या तांब्याचा अंदाज सांगतो. आणि हे मला कधी सुचलं नाही? सटकलेली वस्तू पायाशी पडते. ती माणसाच्या डोक्यावरून उडून रिंगच्या मधोमध जात नाही. आणि सटकणारी वस्तू, बाबा रे, आठ आकडे संपायची वाट पाहत नाही. ज्याला नियम येत नव्हते म्हणे, त्याला एवढा बारीक नियम त्या दिवशी माहीत होता. माझ्या सामन्याआधी तो उस्तादांच्या उशाशी बसून आला होता, हेही मला तेव्हाच आठवलं.

काहून टाकला मग?

मागे वळलो तर दादा उठून माझ्यामागे उभा होता. हात माझ्या मानेकडे येत होता, नेहमीसारखा, उलटा. लाईट गेलेल्या दुपारी मी घामाने चिंब होतो. त्याचा हात ओला झाला. तो त्याने गमछ्याला पुसला आणि समाधानाने खुर्चीत जाऊन बसला.

त्या क्षणी मला एवढा राग आला की काय सांगू. कारण इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: उन्हात माणसाचा घाम वाहतो आहे तोवर चिंता नाही. घाम आटला की धावा. प्रत्येक राउंडनंतर दादा मला पुसत होता. भिलाईवाल्याचा टॉवेल पिळून निघत असेल. आमचा गमछा माझ्या पाठीवरून कोरडाच येत होता. दुपारी मी शेडमागे ओकलो तेव्हा पाणी घेऊन तोच आला होता. एक थेंब नव्हता अंगावर, एक थेंब नव्हता, असं मी जन्मभर ज्याला त्याला सांगत हिंडलो, आणि तो शेजारी बसून ऐकत राहिला. एकदाही म्हणाला नाही की गाढवा, तो दम नव्हता, ती लू होती. तू नावाला उभा होतास, तुला दिसतही नव्हतं. म्हणाला असता तर माझ्याजवळ काय उरलं असतं? भाऊ आडवा आला म्हणून हरलो, नाहीतर जिंकलोच होतो, यावर तर मी दुकान उभं केलं. त्या रागाच्या जोरावर सिलतऱ्याच्या गेटवर उभा राहिलो.

आणि दुसरी गोष्ट तर याहून कडू. सटकला, हे त्याने हजारदा म्हटलं. चुकलं, हे एकदाही नाही. खोटंच बोलायचं होतं तर पहिल्या दिवशी दोन्ही बोलून मोकळा झाला असता; माझी कटकट संपली असती. पण जे चुकलं नाही त्याला चुकलं म्हणायला तो तयार नव्हता. एक खोटं माझ्यासाठी आणि एक खरं स्वतःसाठी, एवढंच घेऊन हा माणूस दोरांना पाठ टेकून उभा होता, आणि मी मारत होतो. मला वाटायचं, मी जिंकतो आहे. हात कोणाचे दुखत होते, ते आत्ता कळत होतं.

लाईट आली, कूलर शिंकला, माझ्या तोंडावर पाणी उडालं. दादा म्हणाला, "कूलरवाल्याले तूच एकदा जाऊन पकड ना बे." मी त्याच्यावर ओरडलो की मला अक्कल शिकवू नको. ते ओरडणं खरं होतं. समजलं म्हणजे राग जातो असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या दुकानात नवतप्यात येऊन बसावं.

एक प्रश्न मात्र अजूनही डोक्यातून जात नाही. समजा टाकला नसता, तर? जुन्या लढतींत अशी एक आहे, पूर्वेकडल्या एका कोंदट, तापलेल्या हॉलमधली. शेवटच्या राउंडाआधी एक ट्रेनर आपल्या माणसाला स्टुलावरून उठू देत नाही. त्याचा माणूस चिडतो, भांडतो, उठायला बघतो. ट्रेनर त्याला दाबून धरतो. लोक अजून वाद घालतात, एक राउंड उरला होता, समोरचाही मेलेलाच होता, कोणी सांगावं? दादा ती लढत लावायचा, पण तिथे आला की हमखास बंद करायचा. मला वाटायचं, मोबाइल तापला म्हणून. मीही वाद घालणाऱ्यांच्याच बाजूचा. माझा डावा हात शेवटच्या मिनिटासाठी राखलेला होता, हे मी आजही सोडत नाही. फक्त पूर्वी छाती ठोकून म्हणायचो, आता मान चोळत म्हणतो.

समीर गाडी घेऊन सकाळीच आला. सामान थोडंसंच. दादाने कुलूप लावलं, पुन्हा ओढून पाहिलं, किल्ली माझ्या हातात दिली. ऊन अजून कोवळं होतं तरी गाडीचा पत्रा चटका देत होता. मी घरून गमछा भिजवून आणला होता. का आणला होता ते विचारू नका. नवतप्यात लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाला कोणीही देतं. समीर हसला. "काका, गाडी में एसी है."

"एसी बिघडते," मी म्हटलं. "तू गाडी पहा."

दादा मागच्या सीटवर बसला, काच खाली केली. मी बाहेर उभा. आमचं निरोपाचं कधी काही ठरलेलं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, डोळे बारीक करून, समोरच्यात किती उरलं आहे ते मोजताना पाहतो तसं. मग खालच्या आवाजात म्हणाला,

"ऐक. माझं काही खरं नाही आता. येणं होते, नाही होत. तुले तो शब्द पाहिजे होता ना इतके वर्षं? घेऊन टाक. नाहीतर तू माझ्या तेरवीतही मागशील."

"दादा, राहू दे."

"राहू कायले देऊ? त्या दिवशी माझं चुक..."

जन्मभर घासाघीस केली ती याच शब्दासाठी. समोरचा आपण होऊन भाव खाली आणत होता, माल हातात देत होता. आणि मी हातातला गमछा खिडकीतून त्याच्या तोंडावर मारला. ओला, जड, टोकाला गाठ मारून आत कांदा बांधलेला. तो त्याच्या नाकावर बसला आणि बोलणं तिथेच थांबलं.

समीर वळून बघायला लागला. दादाने गमछा तोंडावरून काढला, मांडीवर पसरला, टोकाची गाठ बोटांनी चाचपली. आतला कांदा ओळखला. पाणी त्याच्या हनुवटीवरून गळत होतं.

"हे काय बे?" तो म्हणाला.

"काही नाही," मी म्हणालो. "सटकला."